मिलोचा माग

ग्लोबल स्टडीज हा विषय मी अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजात चार वर्षे शिकले, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट सौजन्य उमटते. इंजिनिअरिंग म्हटले की लोक पगार विचारतात, वैद्यकी म्हटले की शाखा विचारतात. इथे काय विचारावे हेच सुचत नाही, आणि ‘छान, छान’ म्हणून बोलणे दुसरीकडे वळते. यात ऐकणाऱ्याचा काही दोष नाही. ज्या विषयाच्या नावातच सगळे जग आहे, त्याच्या पदरात नेमके काहीच नसेल, ही शंका मलाही सुरुवातीला छळत असे. या विषयावरची बरीच पुस्तके वाचून ती वाढतच गेली, कारण त्यांत प्रवाह असतात, जाळी असतात, सीमा पुसट झालेल्या असतात, पण पोते, पावती, बंदर, बाजारभाव असे काही शोधायला गेले तर पानेच्या पाने उलटावी लागतात. ही शंका पुढे फिटली. ती कशामुळे फिटली, आणि त्यात कॉलेज लहान असण्याचा वाटा किती होता, याविषयी हे लिहीत आहे.

कॉलेजचे नाव मॅकॅलेस्टर. मिनेसोटा राज्याच्या राजधानीत, सेंट पॉल शहरातल्या एका शांत वस्तीत ते आहे. १८७४ साली एका प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाने ते स्थापन केले. विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास, पदव्युत्तर वर्ग नाहीत, व्यावसायिक शिक्षण नाही. दुसरे वर्ष संपेपर्यंत मुख्य विषय ठरवला तरी चालतो, आणि तो ठरवल्यानंतरही विज्ञान, कला, गणित, परकी भाषा यांतले काही ना काही घ्यावेच लागते. आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा विभाग तिथे १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला आणि १९५० सालापासून आवारात अमेरिकेच्या ध्वजाखाली संयुक्त राष्ट्रांचा निळा ध्वज फडकतो. कॉलेज बघायला येणाऱ्या प्रत्येकाला कोफी अन्नान यांची गोष्ट ऐकवली जाते. १९५९ साली घानाहून आलेल्या या तरुणाने थंडीतले कानपट्टे दिसायला विद्रूप म्हणून नाकारले होते. कान गोठायची वेळ आल्यावर त्याने निमूटपणे सर्वांत मोठे कानपट्टे विकत घेतले, आणि स्थानिक माणसापेक्षा आपल्याला अधिक कळते असे समजू नये हा धडा घेतला, असे ते स्वतः पुढे सांगत. १९६१ साली ते अर्थशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले. २०१८च्या ऑगस्टमध्ये ते गेले, तेव्हा मी तिथे दुसऱ्या वर्षाला होते. गोष्ट इतक्यांदा ऐकलेली होती की तिचा कंटाळा आला होता, पण उणे पंचवीस अंशांत बसची वाट पाहताना ती पटतेच.

माझा तिथवरचा रस्ता पौडवरून गेला. मुळशी तालुक्यात खुबवली गावाजवळच्या डोंगरावर १९९७ पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. साठ-सत्तर देशांतली मुले तिथे दोन वर्षे एकत्र राहून शिकतात. अशा कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्यांना अमेरिकेत शिकता यावे म्हणून शेल्बी डेव्हिस या गुंतवणूकदाराने २००० साली एक शिष्यवृत्ती सुरू केली. मॅकॅलेस्टर त्या योजनेत आहे, आणि त्या पैशांशिवाय माझ्यासारखीला तिथली पायरी चढता आली नसती. ज्या खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, आणि जिथले पाणी मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवायला अडवले गेले, त्याच खोऱ्यात बसून आम्ही ‘विकास’ या विषयावर निबंध लिहीत होतो आणि त्यांची उदाहरणे ब्राझीलची असत. याचे तेव्हा कुणालाच काही वाटले नाही, मलाही नाही.

लहान कॉलेजाचे वर्णन करताना लोक बहुधा शिक्षक-विद्यार्थी प्रमाण सांगतात. ते तिथे दहा विद्यार्थ्यांमागे एक असे आहे, पण त्या आकड्यावरून रोजच्या जगण्याची कल्पना येत नाही. पंधरा जणांच्या वर्गात टेबलाभोवती बसले की वाचून न येणे लगेच उघडे पडते. इथे प्राध्यापक रागावत नाहीत. ते शांतपणे विचारतात, ‘चौसष्टाव्या पानावर लेखिकेने जो आकडा दिला आहे, तो तिला कुठून मिळाला असेल?’ आणि मग खोलीत जी स्तब्धता पसरते ती रागावण्याहून वाईट असते. त्याच प्राध्यापिका संध्याकाळी किराणा दुकानाच्या रांगेत आपल्या मागे उभ्या असतात, आणि शेजारी बसणारा मुलगा रात्री त्याच मजल्यावर राहत असतो. आपण सकाळी वर्गात ‘तिसऱ्या जगातला शेतकरी’ असे काही बोललो असलो, तर दुपारच्या जेवणाला त्या शेतकऱ्याची भाची समोर ताट घेऊन बसलेली असू शकते.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. २०१७च्या शरद सत्रात, कॉलेजात येऊन फार दिवस झालेले नसताना, जेवणाच्या हॉलमध्ये एकदा तुरीचे वरण होते. मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतातून आलेली एक वर्गमैत्रीण ते वाढून घेताना म्हणाली की हे धान्य आमच्याकडे पिकते, पण आम्ही ते फारसे खात नाही. ते भारतासाठी असते, आणि यंदा भारताने दार लावून घेतल्यामुळे मामाच्या घरात ते तसेच पडून आहे. माझे आजोळ लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले. त्याच वर्षी माझा मामा तुरीची पोती घेऊन खरेदी केंद्राबाहेर मुक्कामाला होता, कारण केंद्रावर बारदाना संपलेला होता आणि बाहेरचा व्यापारी हमीभावाच्या खाली भाव मागत होता.

आम्ही दोघींनी ते प्रकरण पुढे एका अभ्यासक्रमासाठी मांडून पाहिले. २०१५च्या ऑक्टोबरात भारतात तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांवर गेली. सरकार घाबरले. २०१६च्या जुलैत मोझांबिकशी करार झाला, की दरवर्षी एक लाख टनांपासून सुरुवात करून पुढे दोन लाख टनांपर्यंत तूर तिथून घेऊ. त्याच सुमारास लातूरच्या शेतकऱ्यालाही चढा भाव दिसत होता, आणि पाऊस चांगला होता. त्याने तूर पेरली. २०१६-१७ सालचे भारतातले तुरीचे उत्पादन आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाले. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये, पण बाजार त्याच्या बराच खाली. मग २०१७च्या ऑगस्टमध्ये भारताने आयातीवर मर्यादा घातली आणि नाम्पुलातला भाव कोसळला. सरकारी करारातला माल मर्यादेबाहेर होता हे खरे, पण गावात येऊन खरेदी करणारा व्यापारी करार वाचत नाही. तो अफवा ऐकतो आणि भाव पाडतो. एकाच दोनशे रुपयांच्या भीतीने दोन खंडांतल्या दोन मामांना तूर पेरायला लावली आणि एकाच हंगामात दोघांनाही गाठले. आमच्या निबंधाला गुण बरे मिळाले. मात्र शेवटी आम्ही जे चार सैद्धांतिक परिच्छेद जोडले होते, त्यांवर प्राध्यापिकांनी एक आडवी रेघ मारली होती आणि बाजूला लिहिले होते, ‘हे नसते तरी चालले असते.’

त्या रेघेनंतर मला या विषयाची गोडी लागली.

विषयाचा इतिहास मात्र इतका निरागस नाही, आणि तोही आम्हाला शिकवला गेला याचे श्रेय द्यायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला अचानक सगळ्या जगाची माहिती हवी झाली. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि १९५८ साली अमेरिकी संसदेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. त्याच्या सहाव्या प्रकरणाखाली परक्या भाषा आणि प्रदेश यांच्या अभ्यासासाठी विद्यापीठांना पैसा मिळू लागला. फोर्ड फाउंडेशनसारख्या संस्थांचा पैसा होताच. अमेरिकेत हिंदी, तमिळ, मराठी शिकण्या-शिकवण्याची जी सोय झाली, तिच्या मागे भाषेचे प्रेम किती आणि शीतयुद्ध किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. शीतयुद्ध संपल्यावर प्रदेशवार अभ्यासाला उतरती कळा लागली आणि ‘ग्लोबल’ हे विशेषण पुढे आले. त्या बदलात काही मिळाले, पण एक हानी झाली असे माझे मत आहे. प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्याला निदान त्या प्रदेशाची भाषा शिकावी लागत असे. जगाचा अभ्यास करणाऱ्याला इंग्रजीवर भागवता येते.

आपण ज्या जमिनीवर बसून जग शिकतो आहोत ती कुणाची, हा प्रश्नही आम्ही असतानाच तिथे उभा राहिला. ती मुळात डकोटा या आदिवासी लोकांची भूमी. कॉलेजचे संस्थापक एडवर्ड डफिल्ड नील यांनी त्या लोकांविषयी जे तुच्छतेने लिहून ठेवले होते, ते विद्यार्थ्यांनी जुन्या कागदांतून शोधून काढले; २०१९ साली विद्यार्थ्यांच्या साप्ताहिकाने त्यावर एक खास अंकच काढला, आणि थोड्याच दिवसांत विश्वस्तांनी एका इमारतीला दिलेले नील यांचे नाव काढून टाकले. मला त्यात नाव काढण्यापेक्षा त्या अंकाचे काम अधिक मोलाचे वाटले. विशीतली मुले दफ्तरखान्यात बसून तारखा जुळवत होती.

तिसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय सुचवायचा असतो. मी ‘अन्नसुरक्षा आणि जागतिकीकरण’ असे काहीतरी भव्य लिहून नेले. माझ्या सल्लागार प्राध्यापिका मूळच्या भूगोलाच्या. त्यांनी कागद वाचला, परत दिला आणि म्हणाल्या, की यातली एक वस्तू निवड, जी एखाद्या माणसाने हातात धरलेली आहे, आणि ती त्याच्या हातात कशी आली ते मागे मागे जाऊन सांग. मी त्यांना मिलोबद्दल, म्हणजे १९७२च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल ज्वारीबद्दल, सांगितले.

माझी आजी माण तालुक्यातली, दहिवडीजवळच्या एका गावची. १९७२च्या दुष्काळाविषयी ती बोलायला लागली की दोन गोष्टी हमखास येतात, खडी फोडण्याचे काम आणि रेशनवरची लाल मिलो. ‘लालेलाल भाकर व्हायची. थापायला गेलं की तडकायची. लोकं म्हनायची, तिकडं जनावराला घालत्यात ते आमाला धाडलंय.’ दुष्काळी कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीची आठवण ती जरा प्रेमाने काढते. मिलोची कधीच नाही. २०२०च्या मार्चमध्ये महासाथीमुळे कॉलेज बंद झाले, बहुतेक मुले घरी गेली, आम्ही काही परदेशी विद्यार्थी आवारातच राहिलो, आणि मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर नदीपलीकडचे मिनिआपोलिस पेटले तेव्हा खिडकीतून धुराचा वास येत होता. भारतात जाऊन मुलाखती घेण्याचा बेत त्यामुळे बारगळला आणि सगळे फोनवर करावे लागले. आजीने आधी स्वतः सांगितले, मग शेजारच्या दोन-तीन म्हाताऱ्या गोळा केल्या, आणि मिनेसोटातल्या पहाटे मी त्यांच्या दुपारच्या गप्पा उतरवून घेत बसले.

मिलो म्हणजे अमेरिकन ज्वारीचा एक प्रकार. ती तिकडे मुख्यतः कॅन्सस आणि टेक्सासमध्ये पिकते आणि बव्हंशी गुरांनाच घातली जाते. म्हणजे माणमधल्या लोकांचा संशय वस्तुस्थितीला धरून होता. माझी समजूत अशी होती, आणि महाराष्ट्रात आजही बहुतेकांची अशीच आहे, की मिलो हे पीएल-४८०चे धान्य. हा कायदा आयसेनहॉवर यांनी १९५४च्या जुलैत मंजूर केला. अमेरिकेतले शिल्लक धान्य मित्रदेशांना सवलतीने, त्यांच्याच चलनात विकायचे अशी त्याची रचना होती. भारताशी पहिला करार १९५६च्या ऑगस्टमध्ये झाला. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे पाऊस फसला तेव्हा वर्षाला सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून येत होते, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन प्रत्येक जहाजाची परवानगी मुद्दाम रोखून धरत होते, कारण भारताने व्हिएतनामविषयी बोलणे त्यांना रुचत नव्हते आणि भारताचे शेती धोरणही त्यांना बदलून हवे होते.

पण तारखा मांडल्यावर मिलो त्यात बसेना. १९७१च्या डिसेंबरात बांगलादेश युद्धाच्या वेळी अमेरिकेने भारताची मदत थांबवली होती. १९७२-७३ साली भारताने धान्य घेतले ते डॉलर मोजून, खुल्या बाजारातून. आणि ती वेळ त्यासाठी याहून वाईट असू शकत नव्हती. १९७२च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोव्हिएत युनियनने गुपचूप, वेगवेगळ्या कंपन्यांकडून, एक कोटी टनांहून अधिक अमेरिकन गहू स्वस्तात उचलला. सर्वांत मोठा सौदा न्यू यॉर्कच्या काँटिनेंटल कंपनीचा होता, पण मिनिआपोलिसजवळ मुख्यालय असलेल्या कारगिलचाही त्यात हात होता. एका कंपनीने किती विकले हे दुसरीला ठाऊक नव्हते आणि सरकारलाही पुरते ठाऊक नव्हते. बातमी फुटल्यावर गव्हाचा भाव वर्षभरात दुपटीहून अधिक झाला. भारत बाजारात उतरला तो यानंतर. गहू महाग, तांदूळ दुर्मीळ, तेव्हा जे परवडेल ते घ्यायचे, आणि परवडणाऱ्यांत गुरांची ज्वारी होती. युक्रेनमध्ये बर्फ कमी पडून गव्हाचे पीक जळाले, आणि आजीच्या तव्यावर लाल भाकरी तडकली. या दोन वाक्यांमधली प्रत्येक पायरी कागदाने दाखवता आली पाहिजे, असा सल्लागार बाईंचा हट्ट होता, आणि त्यात माझे अख्खे वर्ष गेले.

याच काळात मी गाजरगवतही तपासून पाहिले. काँग्रेस गवत पीएल-४८०च्या गव्हातून आले, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. पुण्यात त्याची नोंद झाली ती १९५०च्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे पीएल-४८०चा पहिला करार व्हायच्या सुमारास किंवा त्याही आधी. अमेरिकेचा गहू १९५१ सालच्या वेगळ्या कर्जातूनही आलेला होता, तेव्हा गव्हावरचा आरोप अगदीच निराधार नाही. पण त्याच्याही आधीच्या शतकातल्या नोंदी आणि नमुने भारतीय वनस्पतिसंग्रहांत सापडतात. हा भाग प्रबंधात एका तळटीपेपुरता राहिला. लोकांना राग ज्याचा आला होता त्याच्या नावावर त्यांनी गवत मांडले, एवढे मात्र त्यातून दिसते.

कागद शोधण्यासाठी नदी ओलांडून मिनेसोटा विद्यापीठाच्या विल्सन ग्रंथालयात जावे लागे. तिथे एम्स दक्षिण आशिया ग्रंथालय आहे. चार्ल्स लेस्ली एम्स या सेंट पॉलच्या संग्राहकाच्या खासगी संग्रहातून ते उभे राहिले. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मराठी पुस्तकांची फळीच्या फळी पाहून मी चक्रावले. साठ-सत्तरच्या दशकांतले कथासंग्रह, शेतीची पुस्तके, जिल्ह्यांचे वृत्तान्त, कुणी विकत घेईल असे वाटणार नाही अशी पुस्तके. ती तिथे आली गव्हामुळेच. भारत गव्हाचे पैसे रुपयांत भरत असे आणि ते रुपये अमेरिकेला बाहेर नेता येत नसत. ते इथेच साठत गेले. १९६२ पासून त्यातल्या काही रकमेतून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कचेरीने भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. उरलेले रुपये इतके साठले की १९७४च्या फेब्रुवारीत राजदूत डॅनिएल पॅट्रिक मॉयनिहन यांनी भारत सरकारच्या नावे १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश लिहिला. तोवरचा तो जगातला सर्वांत मोठा धनादेश समजला जातो. आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात न मिळणारे मराठी पुस्तक सेंट पॉलहून बसने जाऊन वाचायचे, यावर हसावे की कपाळाला हात लावावा हे मला अजून ठरवता आलेले नाही. मी मुकाट्याने पुस्तके वाचली.

सेंट पॉलच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर नॉर्थफील्ड नावाचे छोटे गाव आहे. तिथे कार्लटन हे असेच दीड-दोन हजार विद्यार्थ्यांचे लहान कॉलेज आहे. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ ते १९९७ एवढा काळ तिथे इतिहास शिकवला. आयोवातल्या क्वेकर घरातली ही बाई, डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ यावर त्यांनी पेनसिल्वेनिया विद्यापीठात १९६९ साली प्रबंध पूर्ण केला, जेव्हा महाराष्ट्रातल्या विद्यापीठांतही या विषयाला फारसा थारा नव्हता. गेल ऑम्वेट मूळच्या मिनिआपोलिसच्या आणि कार्लटनच्याच पदवीधर, पण झेलियट तिथे शिकवायला येण्याआधीच बाहेर पडलेल्या. त्या पुढे बर्कलेला गेल्या, १९७३ साली पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांचा प्रबंध झाला, त्या कासेगावच्या पाटणकरांच्या घरात सून म्हणून आल्या आणि १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या. वसंत मून यांच्या आत्मकथनाचा इंग्रजी अनुवाद ऑम्वेट यांनी केला आणि प्रस्तावना झेलियट यांनी लिहिली. माण-आटपाडीच्या पट्ट्यात समन्यायी पाणीवाटपासाठी जे लढे झाले, त्यांत ऑम्वेट आणि भारत पाटणकर होते, हे आजीला ठाऊक होते. ‘ती गोरी बाई, आपल्यागत नेसायची,’ एवढेच ती म्हणाली.

मिनेसोटातल्या लहान कॉलेजांनी महाराष्ट्राकडे पाठवलेल्या माणसांत या दोघी एकट्याच नाहीत. मध्यपश्चिमेतल्या अशा कॉलेजांच्या संघाने १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पुण्यात एक सत्र चालवले. मुले पुणेरी घरांत राहायची, मराठी शिकायची, एखादा छोटा विषय घेऊन गल्लोगल्ली विचारत फिरायची. जगाचा अभ्यास म्हणून मला जे मान्य आहे ते हेच. झेलियट यांनी जगाविषयी फारसे सिद्धान्त मांडले नाहीत. त्यांनी एका प्रदेशातल्या एका समाजाच्या सभा, पत्रके, अभंग, आठवणी आयुष्यभर गोळा केल्या, आणि मोठ्या विद्यापीठातल्या मोठ्या पदाशिवाय, पदवीच्या पोरांना शिकवत ते केले. २०१६ साली त्या वारल्या, म्हणून माझी भेट झाली नाही.

घरी अर्थातच प्रश्न होता, की हे सगळे शिकून पुढे काय. बाबांनी तो फक्त एकदा विचारला, आईने दर दिवाळीला. प्रश्न रास्त आहे, आणि अशा कॉलेजांचे खरे शुल्क पाहिले तर अधिकच रास्त आहे. शिष्यवृत्ती नसलेल्या मराठी घराने केवळ हौस म्हणून कर्ज काढून या वाटेला जावे, असे मी कुणालाही सांगणार नाही. सध्या मी पुण्यात एका संस्थेसाठी कडधान्यांच्या आयातीच्या नोंदी वाचते. कोणते जहाज, कुठले बंदर, किती टन, त्या आठवड्यात लातूर आणि अकोल्याच्या बाजार समित्यांत भाव काय. हे काम संगणकाची पदवी असलेला माणूसही करू शकतो आणि माझ्या शेजारी बसून करतोही. फरक पडतो तो नोंदीत काहीतरी जुळत नाही तेव्हा. तो आकडा चुकला असे समजून पुसतो, मी कुणाला तरी फोन लावते. दोघेही कधीकधी बरोबर निघतो.

प्रबंधाची तोंडी परीक्षा २०२१च्या वसंतात झूमवर झाली. परीक्षकांत एक जण दुसऱ्या विभागाचा असावा म्हणून जीवशास्त्राच्या एका प्राध्यापकांना बोलावले होते. मोठ्या विद्यापीठात ते बहुधा माझ्या प्रबंधाच्या जवळपासही फिरकले नसते. माझ्या शेवटच्या प्रकरणात मिलो १९७४च्या सुमारास संपत होती: पाऊस आला, ज्वारी पिकली, रेशनच्या दुकानातली लाल पोती बंद झाली. त्यांनी विचारले, की मिलो संपली हे तू कशावरून म्हणतेस? मग त्यांनीच पंधरा मिनिटे समजावून सांगितले. १९५४ साली टेक्सासमधल्या संशोधकांना असे आढळले की मिलोच्या पेशीद्रव्यात, म्हणजे पेशीतल्या केंद्रकाभोवतीच्या भागात, काफिर नावाच्या दुसऱ्या ज्वारीचे केंद्रक आणले तर वांझ पराग असलेली ज्वारी मिळते, आणि त्यामुळे संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर तयार करता येते. भारतात १९६४ साली सीएसएच-१ हे पहिले संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले, त्याची मादी याच टेक्सासच्या घराण्यातली. पेशीद्रव्य आईकडूनच येते. म्हणजे दुष्काळाच्या आठ वर्षे आधीपासून मिलो महाराष्ट्रात होती, बियाण्याच्या पिशवीत, आणि रेशनवरून ती गेल्यानंतरही हायब्रीडच्या प्रत्येक ताटात राहिली.

परीक्षा उत्तीर्ण झाले, पण ते प्रकरण पुन्हा लिहावे लागले. लिहिताना आणखी एक अडचण आली. माणमधली ज्वारी रब्बीची, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी. हायब्रीड तिथे कधी नीट रुजलेच नाही, कारण ते वाण खरिपाचे. आजीच्या शेतापर्यंत मिलोचा तो दुसरा रस्ता पोचत नव्हता. तो जळगाव, अकोला, परभणीकडे जात होता, जिथल्या एकाही माणसाशी मी बोललेले नव्हते. नकाशा नव्याने काढला, ते तीन जिल्हे त्यात घातले, आणि मुदतवाढ मागून फोन नंबर शोधायला लागले.